गल्लीत पोहोचता यावं, आरपार निघता येऊ नये

मुंबईचा नकाशा उभा आहे. रेल्वे उत्तर-दक्षिण, एस. व्ही. रोड आणि लिंक रोड उत्तर-दक्षिण, एलबीएस मार्ग आणि दोन्ही द्रुतगती महामार्गही तसेच. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर रेल्वेवरचे मोजके पूल आणि मोजके भुयारी मार्ग. त्यातला एक बंद झाला किंवा त्याच्या तोंडचा चौक तुंबला की ताण शेजारच्या वस्तीवर येतो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये, प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा वेळी पर्यायी मार्गांची यादी निघते. यादीत पूल आणि मोठे रस्ते असतात, मधल्या कॉलन्यांच्या गल्ल्या नसतात. वाहनं मात्र त्या गल्ल्यांमधूनच वाट काढतात, आणि एकदा सापडलेली वाट चालक सहज विसरत नाही.

पूल चालू असतानाही हे रोज घडतं. खारचे क्रमांकांचे रस्ते, दादरची हिंदू कॉलनी, पार्ले पूर्वेचा रेल्वे आणि महामार्ग यांच्यामधला पट्टा, चेंबूरच्या बागांभोवतीचे रस्ते. जिथे मोठ्या रस्त्यावरचे दोन सिग्नल चुकवता येतात, तिथे गल्ली वापरली जाते. हे थांबवण्यासाठी मुंबईत सगळ्यात आधी मागितली जाणारी गोष्ट म्हणजे गतिरोधक, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गतिरोधकाचा हिशोब मांडून बघा. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी गतिरोधकासाठी ताशी १० पर्यंत खाली येऊन पुन्हा वेग घेते, त्यात तिचे तीन ते पाच सेकंद जातात. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार ओळीने गतिरोधक घालायचे तर दोघांत १०० ते १२० मीटर अंतर हवं. म्हणजे पाचशे मीटरच्या गल्लीत चार-पाच. गेले पंचवीस सेकंद. मोठ्या रस्त्यावरचे दोन सिग्नल चुकवून चार मिनिटं वाचत असतील, तर पंचवीस सेकंदांसाठी कोण मार्ग बदलेल? गतिरोधकाने वेग कमी होतो, आणि शाळेसमोर तेवढंच हवं असतं. वाहनांची संख्या त्याने कमी होत नाही. उलट रात्री ब्रेक आणि गिअरचा आवाज वाढतो, आणि रुग्णवाहिकेतल्या फ्रॅक्चरच्या रुग्णाचे हाल होतात.

संख्या कमी करायची तर वाचणारी चार मिनिटं शून्यावर आणावी लागतात. प्रत्येक घर, दुकान, दवाखाना यांच्यापर्यंत गाडीने पोहोचता यायला हवं, पण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता यायला नको. पुढचं सगळं याच एका नियमातून निघतं.

आधी मोजणी

महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना पत्र लिहिण्याआधी वाहनं मोजा. "फार ट्रॅफिक आहे" या वाक्यावर कुठलीच फाइल पुढे सरकत नाही. नुसती एकूण संख्याही पुरत नाही, कारण गल्लीतली किती वाहनं आरपार जाणारी आणि किती तिथलीच, हा खरा प्रश्न आहे. शाळेला मुलं सोडायला येणाऱ्या गाड्या, क्लासची मुलं, दवाखान्यात आलेले रुग्ण हे सगळे गर्दी करतात, पण ते आरपार जात नाहीत. त्यांच्यावर रस्ता बंद करण्याचा इलाज चालत नाही. त्यांच्यासाठी थांब्याची जागा आणि वेळा बदलाव्या लागतात.

आरपार वाहनं ओळखायची पद्धत सोपी आहे. वस्तीत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या प्रत्येक तोंडावर माणूस उभा करायचा, आणि प्रत्येक वाहनाच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे वेळेसह नोंदवायचे. एका तोंडातून शिरलेला नंबर पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या तोंडातून निघाला, तर ते वाहन आरपार गेलं. पाचच मिनिटं का? सहाशे मीटर अंतर ताशी १५ किलोमीटरने कापायला अडीच मिनिटं लागतात, त्यात तेवढीच सवलत. तुमच्या वस्तीच्या लांबीप्रमाणे हा आकडा बदला. चार आकडे योगायोगाने जुळतील ही भीती नको. पाच मिनिटांत पन्नास वाहनं बाहेर पडत असतील, तर चुकून जुळण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. सोबत वाहनाचा प्रकार नोंदवला की तीही बरीच घटते.

आकडे कागदावर लिहायला जाऊ नका. तासाला सहाशे वाहनं म्हणजे मिनिटाला दहा, आणि ती एकसारखी येत नाहीत, सिग्नल सुटला की घोळक्याने येतात. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून आकडे मोठ्याने वाचत जायचं: "रिक्षा, चार-सात-एक-दोन." दर पाच मिनिटांनी वेळ बोलायची. नंतर घरी बसून ते तक्त्यात उतरवायचं: वेळ, तोंड, आत की बाहेर, प्रकार, आकडे. प्रत्येक दिशेला एक स्वतंत्र माणूस हवा. एकाच माणसाने दोन्ही दिशा घेतल्या तर गर्दीच्या वेळी किमान एका दिशेची नोंद अर्धवट राहते, आणि मग जुळणी फसते. मालकाचं नाव शोधायला जायचं नाही, पूर्ण नंबर ठेवायचा नाही, आणि काम झालं की ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं.

दिवस मंगळवार, बुधवार, गुरुवार. वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. शाळांना सुट्टी असताना, मुसळधार पावसात, किंवा शेजारी रस्ता खणलेला असताना केलेली मोजणी कोणीही एका वाक्यात खोडून काढतो. त्याच दिवसांत आणखी एक नोंद घ्या: एक गाडी मोठ्या रस्त्याने आणि एक गाडी गल्लीतून, एकाच वेळी निघून, पाच फेऱ्या. दोन वेळांतला फरक हाच शॉर्टकटचा नफा, आणि तुमचा उपाय तो नफा खाऊन टाकतो की नाही हे तिथेच कळतं.

वेगवेगळी वाहनं एका मापात आणायला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका मोटारगाडीइतका भार) वापरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शनात, त्या प्रकारच्या वाहनांचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तर मोटारगाडीला १, दुचाकीला ०.७५, रिक्षाला २ धरतात. त्याच मार्गदर्शनात दोन लेनच्या दुहेरी कलेक्टर रस्त्याची क्षमता तासाला ९०० पीसीयू आहे. कलेक्टर म्हणजे वस्तीतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्याला नेऊन देणारा रस्ता. तुमची निवासी गल्ली या आकड्याच्या जवळ गेली असेल, तर अधिकाऱ्यांसमोर ठेवायला तो एकच आकडा पुरेसा आहे.

तुकडा, रेघ आणि दोन टोकं

एका गल्लीचा विचार करून काहीही साधत नाही. एका गल्लीला नो एंट्री लावली की दुसऱ्या दिवशी शेजारची गल्ली भरते, आणि शेजारी विरोधात सह्या गोळा करतात. मोठ्या रस्त्यांनी किंवा रेल्वेने चारही बाजूंनी बांधलेला पूर्ण तुकडा घ्यायला हवा. मुंबईत असे तुकडे बहुधा चारशे ते आठशे मीटरचे निघतात.

समजा पश्चिमेला एस. व्ही. रोड, पूर्वेला स्टेशनचा रस्ता, उत्तरेला आणि दक्षिणेला दोन आडवे मोठे रस्ते. आत दोन उभ्या गल्ल्या आणि तीन आडव्या. वाहनं उत्तरेकडून शिरून दक्षिणेला निघतात. एका उभ्या गल्लीच्या मध्यावर अडथळा ठेवला, तर चालक आडव्या गल्लीने दुसऱ्या उभ्या गल्लीत जातो आणि खाली उतरतो. म्हणून नकाशावर तुकड्याच्या एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत सलग रेघ मारायची, आणि त्या रेघेला छेदणारी प्रत्येक गल्ली त्या ठिकाणी मोटारींसाठी तोडायची. एकही सुटली तर बाकीच्यांचा सगळा भार तिच्यावर येतो. पूर्व-पश्चिम आरपार जाणंही असेल तर दुसरी, उभी रेघ. मग तुकड्याचे चार भाग होतात आणि एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने जायला बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून जावं लागतं. पायी, सायकलने मात्र सगळीकडे सरळ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये आपला मध्यभाग नेमका असा चार भागांत तोडला, आणि बेल्जियमच्या गेंट शहराने २०१७ मध्ये हेच तत्त्व वापरलं. तिथली हवा-पाणी, वाहनं, शिस्त सगळं वेगळं आहे. भूमिती इथेही तीच लागू पडते.

कागदावर रेघ मारणं सोपं असतं. अडचण येते मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकांमुळे. एस. व्ही. रोडवर गल्लीतून बाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी फक्त डावीकडे वळता येतं, आणि यू-टर्न कुठल्या कुठे असतो. म्हणून प्रत्येक भागासाठी चार प्रश्न लिहून काढा: उत्तरेकडून येणारा रहिवासी कसा शिरेल, दक्षिणेकडून येणारा कसा शिरेल, आणि दोन्हीकडे जायला तो कसा निघेल. कुठल्याही उत्तरात एक किलोमीटरहून जास्त वळसा निघाला तर रेघ सरकवा. हे न केल्यामुळे चांगल्या योजना तिथल्याच रहिवाशांच्या विरोधाने पडतात, आणि त्यांचा राग रास्त असतो.

तोडायचं कसं

पहिला मार्ग उलट्या एकदिशेचा. गल्लीचा उत्तरेकडचा अर्धा भाग उत्तरेला जाणारा एकदिशा, दक्षिणेकडचा अर्धा दक्षिणेला जाणारा एकदिशा. दोन्ही प्रवाह मध्यापासून बाहेर पळतात, त्यामुळे आरपार जाता येत नाही, आणि मध्ये काहीही गाडावं लागत नाही. अग्निशमनाची गाडी गरज पडली तर सरळ निघून जाते. वाहतूक पोलिसांना एकदिशा मार्गाची सवय असल्याने मंजुरीही तुलनेने लवकर मिळते. दोष दोन. दुचाकी आणि रिक्षा उलट्या दिशेने घुसतात. आणि समोरून कोणी येणार नाही हे कळल्यावर एकदिशा रस्त्यावरचा वेग वाढतो. म्हणून एकदिशा करताना रस्ता अरुंद केलाच पाहिजे. नऊ मीटरच्या रस्त्याची वाटणी अशी बसते: दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा पदपथ, एका बाजूला २ मीटर पार्किंग, मधे ३.४ मीटरची एक लेन. १.८ मीटर ही पदपथाची किमान मोकळी रुंदी आहे, तिच्यात विजेचा खांब किंवा झाडाचं आळं मोजायचं नाही. उंच इमारती असतील तर शिडीच्या गाडीला आधाराचे पाय पसरायला जास्त रुंदी लागते, तेव्हा पार्किंगमध्ये कुठे मोकळे टप्पे सोडायचे ते अग्निशमन केंद्राशी बसून ठरवा.

दुसरा मार्ग बोलार्डच्या, म्हणजे रस्त्यात गाडलेल्या आखूड खांबांच्या, ओळीचा. दोन बोलार्डमधली मोकळी जागा १.२ मीटर ठेवा. मोटार अडते, सुमारे १.३ मीटर रुंदीची रिक्षा अडते, चाकाची खुर्ची, बाबागाडी, सायकल आणि भाजीची हातगाडी जाते. दुचाकीही जाते. दुचाकी अडवायला अंतर कमी केलं तर चाकाची खुर्ची आधी अडते, म्हणून ते करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी बोलार्डच्या आजूबाजूचा चार-पाच मीटरचा भाग पदपथाच्या पातळीला उचला, म्हणजे दुचाकीस्वाराला चालणाऱ्यांच्या जागेत शिरल्याचं जाणवतं आणि तो वेग उतरवतो. दुचाकी पूर्ण थांबणार नाहीत हे बैठकीत पहिल्याच दिवशी सांगून टाका. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, त्यामुळे दादर-माटुंग्यात मोटारी आणि टॅक्सी अडल्या की मोठा भाग सुटतो. उपनगरात स्टेशनच्या रिक्षांचा प्रवाह वेगळा मोजावा लागतो.

तिसरा मार्ग चौकातला तिरपा अडथळा. चार रस्ते मिळतात त्या चौकात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ओळ, म्हणजे चौकाचे दोन वळणदार रस्ते होतात. एका अडथळ्यात दोन आरपार दिशा तुटतात, आणि कोणाचा रस्ता आंधळा होत नाही, कचऱ्याच्या कॉम्पॅक्टर गाडीला मागे यावं लागत नाही. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, पण चौक लहान असेल तर वळण बसत नाही. आधी रस्त्यावर पिंप ठेवून खरी कॉम्पॅक्टर आणि खरी शाळेची बस वळवून बघा. कागदावरच्या त्रिज्येवर विश्वास ठेवू नका, कोपऱ्यावर उभ्या गाड्या कागदात नसतात.

गल्लीच्या तोंडाचं कामही यासोबत करावं. कोपऱ्याची त्रिज्या आठ-नऊ मीटर असेल तर गाडी वेग न उतरवता आत वळते. ती तीन-चार मीटर केली, तोंड ३ ते ३.५ मीटरवर आणलं आणि पदपथ सलग पुढे नेला, की वळणारा चालक आपोआप सावध होतो. मोठ्या गाडीसाठी कोपऱ्याला पन्नास मिलिमीटर उंचीचा, चाक चढेल असा पट्टा द्यायचा.

बोलार्ड, काँक्रीट आणि पाऊस

बोलार्ड म्हणजे १०० ते १५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी पाइप, जमिनीवर साधारण ९०० मिलिमीटर ते १ मीटर, खाली ४५० ते ६०० मिलिमीटर काँक्रीटमध्ये. वरच्या भागाला परावर्तक पट्टी, नाहीतर रात्री पहिला धक्का दुचाकीस्वाराला बसतो. मुंबईत पदपथाखाली पाण्याची लाइन, वीज, गॅस, टेलिफोन सगळं दाटीने आहे, म्हणून आधी हाताने खणून चाचणीचा खड्डा घ्यायचा. यंत्राने थेट भोक पाडायचं नाही. रस्ता नवा सिमेंट काँक्रीटचा असेल तर तो खणायला परवानगी मिळणं कठीण, कारण दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करायचा असतो) चालू असतो आणि ठेकेदार जबाबदारी झटकतो. तिथे तळाला पत्रा असलेले बोलार्ड केमिकल अँकरने (भोकात रासायनिक गोंदाने पक्क्या केलेल्या बोल्टने) बसवतात. काँक्रीटच्या सांध्याजवळ भोक घेतलं तर कड फुटते, निदान १५० मिलिमीटर दूर राहा.

मधले दोन किंवा तीन बोलार्ड काढता येण्यासारखे हवेत, म्हणजे साडेतीन मीटर मोकळे होतात. अग्निशमन केंद्र पहिला प्रश्न विचारतं तो चावी कुणाकडे असेल हा. उत्तर तयार ठेवा: अग्निशमन केंद्र, वॉर्ड कार्यालय, वाहतूक चौकी, आणि बोलार्डजवळच्या दोन सोसायट्यांचे पहारेकरी, जे चोवीस तास तिथे असतात. काढता येणाऱ्या बोलार्डची जमिनीतली नळी पावसाळ्यात गाळाने भरते आणि कुलूप गंजतं, मग ऐन वेळी बोलार्ड हलत नाही. नळीच्या तळाला निचऱ्याचं भोक, पितळी कुलूप, आणि महिन्यातून एकदा उचलून ग्रीस. हे काम कोणाच्या नावावर आहे ते आधी लिहून ठेवा. गणपतीच्या आगमनाला आणि विसर्जनाला ट्रॉली जाते त्या मार्गावर सगळीच ओळ काढता यावी लागते, तेव्हा मंडळाला सुरुवातीपासून बैठकीत घ्या.

उचललेला चौक किंवा उचललेलं झेब्रा क्रॉसिंग करताना मुंबईत सगळ्यात मोठी चूक पाण्याची होते. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात हे माप ५० मिलिमीटरवर नेलं गेलं. जुलैमध्ये एखाद्या तासात त्याहून जास्त पडतो, तेव्हा पाणी रस्त्याच्या कडेने वाहतं. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा उंचवटा म्हणजे त्या पाण्याला बांध. वरच्या बाजूच्या इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरलं की लोक स्वतःच कुदळ घेऊन तो फोडतात. उंचवटा १०० मिलिमीटर, माथा तीन ते चार मीटर सपाट, उतार १:१५ ते १:२०, आणि दोन्ही कडांना २०० ते ३०० मिलिमीटरची फट, तिच्यावर उघडता येणारी जाळी. जाळी पक्की बसवली तर मे महिन्यातला गाळ काढता येत नाही. उताराच्या वरच्या बाजूला पाणी आत घेणारं तोंड नसेल तर आधी ते करून घ्या, मग उंचवटा.

साधा गोल गतिरोधक लागलाच तर त्याचं माप ठरलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. हे माप ताशी २५ किलोमीटरने जाण्यासाठी आहे. रातोरात डांबर टाकून केलेले अर्ध्या मीटरचे उंचवटे या मापात बसत नाहीत, आणि खिळ्यांनी ठोकलेले रबरी तुकडे निघून गेल्यावर खिळे रस्त्यात वर राहतात.

परवानगी कोणाची

सार्वजनिक रस्त्यावर सोसायटीने स्वतःच्या खर्चाने गेट, साखळी, कुंड्या किंवा पाटी लावणं बेकायदा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३१२ ते ३१४ मध्ये रस्त्यावरच्या अडथळ्यांना मनाई आहे आणि सूचना न देता ते हटवण्याचा अधिकार पालिकेला आहे. एकदा असं गेट तोडलं गेलं की त्या वस्तीच्या पुढच्या रास्त मागणीकडेही संशयाने बघितलं जातं. रस्ता खरोखर सार्वजनिक आहे की खासगी लेआउटमधला, हे विकास आराखड्याच्या रिमार्कमध्ये आधी तपासून घ्या.

वाहनबंदी, एकदिशा, वेळेनुसार बंदी यांचा आधार मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ११५, आणि फलक लावण्याचा कलम ११६. मुंबईत हे अधिकार वाहतूक पोलीस वापरतात. रस्त्याचं बांधकाम मात्र महापालिकेचं. दोघांपैकी एकाकडेच गेलात तर फाइल दुसऱ्याच्या अभिप्रायासाठी पडून राहते. पत्र एकाच दिवशी वॉर्डच्या सहायक आयुक्तांना आणि तुमच्या भागाच्या वाहतूक चौकीच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना द्या, प्रत अग्निशमन केंद्राला, आणि बेस्टची बस जात असेल तर बेस्टला. सोबत एका पानाचा नकाशा, एका पानाचा मोजणीचा तक्ता, आणि तुकड्यातल्या सोसायट्यांचे ठराव. दुकानदार, दवाखाने, शाळा, रिक्षा स्टँड यांच्याशी झालेल्या बोलण्याची नोंद जोडली नसेल तर ती मागितली जाणारच, म्हणून आधीच जोडा.

मागताना कायमचा बदल मागू नका, चाचणी मागा. कलम ११५ नुसार एक महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून चार आठवड्यांची चाचणी ही सगळ्यांना परवडणारी मागणी आहे.

चाचणीचे चार आठवडे

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हा चांगला काळ. जूनमधला शाळेचा पहिला आठवडा, गणपती, दिवाळी टाळा. चाचणीसाठी प्लास्टिकचे बॅरिअर वापरतात, पण त्यात पाणी भरू नका: साठलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, आणि पाणी सोडून दिलं की बॅरिअर कोणीही ओढून बाजूला करतो. वाळू भरा, दोन बॅरिअर साखळीने जोडा.

पहिल्या आठवड्यात योजना पडण्याचं नेहमीचं कारण फलकाची जागा. "पुढे रस्ता बंद" हा फलक अडथळ्यापाशी लावला जातो. तिथपर्यंत आलेला चालक चिडतो, मागे येतो, मागे तीन गाड्या अडकतात, हॉर्न सुरू होतात, आणि त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या गटांवर पोहोचतो. फलक गल्लीच्या तोंडावर हवा, जिथून मोठ्या रस्त्यावर राहता येतं. खालची कड जमिनीपासून २.१ मीटर, आणि पर्जन्यवृक्षाच्या फांदीआड किंवा वाढदिवसाच्या बॅनरआड जाणार नाही अशी जागा. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येक तोंडावर जॅकेट घातलेला माणूस उभा असावा. त्याने वाहन अडवायचं नाही, तो अधिकार पोलिसांचा. त्याने फक्त पुढे वाट नाही हे सांगायचं.

नकाशाच्या ॲपना बदल कळवा, पण पोलिसांचा आदेश निघाल्यावरच. आदेश नसताना रस्ता बंद असल्याचं कळवलं, तर त्यातून जाणाऱ्या फोनच्या हालचालीवरून ते खोटं ठरतं आणि दुरुस्ती उलटते. आदेशाची प्रत आणि फलकाचा फोटो जोडला की काम होतं. शेवटी ॲप वेळ मोजतं. गल्लीतून वेळ वाचेनासा झाला की ते गल्ली सुचवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तेच वार, तीच तोंडं, तीच पद्धत वापरून पुन्हा मोजा. सोबत तुकड्याबाहेरच्या लगतच्या गल्ल्या आणि मोठ्या रस्त्यावरचा वेळही. हे आकडे आपल्या विरोधात गेले तरी द्यायचे.

सीमेवरच्या रस्त्यावर राहणाऱ्यांचं काय

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावू नये. मुंबईत मोठ्या रस्त्याला लागून चाळी आहेत, झोपडपट्ट्या आहेत, जुन्या सेस इमारती आहेत. कॉलनीतला आवाज त्यांच्या खिडकीत नेऊन टाकणं हा उपाय नव्हे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये झालेल्या आणि २००२ मध्ये वाढवलेल्या अभ्यासात अकरा देशांतली सत्तर प्रकरणं तपासली गेली. रस्त्याची जागा कमी केल्यावर आधीच्या वाहतुकीचा काही भाग आजूबाजूलाही सापडला नाही. मध्यक सुमारे ११ टक्के, म्हणजे निम्म्या प्रकरणांत घट याहून जास्त, निम्म्यांत कमी. म्हणजे थोडी वाहतूक खरंच विरते, पण बरीचशी परत मोठ्या रस्त्यावर येते. तिची सोय तुमच्या मागणीत असायला हवी.

ती सोय बहुतेक वेळा चौकात होते. हिरव्या दिव्यात एका लेनमधून सेकंदाला अर्धा पीसीयू निघतो असं धरा. १२० सेकंदांचं चक्र असेल तर तासाला तीस चक्रं. हिरवा दहा सेकंदांनी वाढवला की चक्राला पाच, तासाला १५० पीसीयू जास्त निघतात. तुमच्या मोजणीत गल्लीतून आरपार जाणारे १५० पीसीयू असतील, तर चौकातून नेमके हेच दहा सेकंद मागायचे. ते कुठल्या दिशेतून काढायचे याचं उत्तर वाहतूक पोलिसांकडे असतं. दहा सेकंद मिळाले तरी चौकाआधी पन्नास मीटरपर्यंत डावी लेन उभ्या गाड्यांनी अडलेली असेल तर उपयोग नाही, म्हणून त्या पन्नास मीटरमध्ये पार्किंगबंदी आणि बसथांबा चौकापलीकडे नेणं या दोन गोष्टी त्याच पत्रात हव्यात. हे पत्र सीमेवरच्या चाळींच्या सह्यांसह गेलं तर त्याचं वजन वेगळंच असतं.

चाचणी टिकली आणि कायमचा आदेश निघाला की मोकळी झालेली जागा भरायची घाई करा. बोलार्डजवळचा रिकामा तुकडा दोन-तीन दिवसांत दुचाकींचा तळ होतो, आणि मग चाकाच्या खुर्चीला, सायकलला वाट राहत नाही. झाडाचं आळं, दोन बाक, आणि बोलार्डच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या तिरप्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात व्हायला हव्यात. सहा महिन्यांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, एक मोजणी पुन्हा करा आणि जाळ्या, कुलपं, फलक यांची पाहणी करून यादी वॉर्ड कार्यालयात द्या. तुटलेला एक बोलार्ड महिनाभर तसाच राहिला तर मोटारी त्या फटीतून पुन्हा जाऊ लागतात.